अधिक ओहमचा हेडफोन आणि त्याला लागणारे बळ

मुंबईचे नभोवाणी केंद्र इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने २३ जुलै १९२७ रोजी सुरू केले. त्या काळी रेडिओ ऐकण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे स्फटिकाचा रेडिओ. त्याला ना बॅटरी, ना घरची वीज. तारेवर अवकाशातून जेवढी शक्ती येईल तेवढीच कानातील पडद्या हलवावयास मिळे. ही शक्ती अत्यल्प असल्यामुळे हेडफोनच्या वेटोळ्यांत केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे दिलेले असत व त्यांचा विद्युत्-विरोध दोन ते चार हजार ओहमपर्यंत जाई. मुंबई केंद्राची शक्ती अवघी दीड किलोवॅट होती; त्यामुळे तेथून तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर, निजामाच्या राज्यात असलेल्या कळंबसारख्या गावी तो आवाज स्फटिकाच्या रेडिओवर पोचण्याची आशा नव्हती.

आज स्थिती उलट झाली आहे. बालगंधर्वांची नाट्यपदे असोत वा अब्दुल करीम खाँसाहेबांचा ख्याल असो, मांजरेकाठच्या कळंबातही तो मोबाइलवर क्षणात येतो. आवाज घरी पोचविण्याचा प्रश्न सुटला आहे. तो कानापर्यंत नीट पोचविण्याचा प्रश्न मात्र पुन्हा उभा राहिला आहे. कारण उत्तम हेडफोन म्हणून ज्यांची ख्याती आहे त्यांपैकी कित्येक आजही अधिक ओहमचे असतात. जर्मनीतील सेनहायझर कंपनीचा १९९७ साली निघालेला एचडी ६०० हा ३०० ओहमचा आहे. बायरडायनॅमिक कंपनीचे डीटी ८८० व डीटी ९९० हे हेडफोन २५० आणि ६०० ओहमचे निघाले आहेत. मोबाइलबरोबर वापरण्याचे साधे हेडफोन बहुधा १६ किंवा ३२ ओहमचे असतात. अशा मोबाइलला तो भारी हेडफोन जोडला म्हणजे आवाज क्षीण येतो, आणि हौसेने पैसे खर्चणारा गृहस्थ खट्टू होतो. मग ॲम्प्लिफायर घ्यावा की आकड्यांचा आवाज करणारा परिवर्तक, म्हणजे ज्याला व्यवहारात डॅक म्हणतात तो घ्यावा, की दोन्ही, या विवंचनेत तो पडतो. मोठ्या शहरात दुकानी जाऊन चार यंत्रे कानाला लावून पाहता येतात. तालुक्याच्या गावी ही सोय सहसा नसते व माल टपालाने मागवावा लागतो. तथापि यात निराश होण्याचे कारण नाही. जो निर्णय कानाने करता येत नाही तो खोक्यावरील चार-दोन आकड्यांवरून व साध्या अंकगणिताने करता येतो.

प्रथम ओहम म्हणजे काय ते पाहू. हेडफोनमधील वेटोळे विजेच्या वाहण्याला जो अडथळा करते त्याला संरोध किंवा इम्पीडन्स म्हणतात; तो ओहममध्ये मोजतात. घराच्या गच्चीवरील पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणली असता हा विषय उलगडतो. टाकी जितकी उंच तितका पाण्याचा दाब अधिक. विजेच्या बाबतीत हा दाब व्होल्टमध्ये मोजतात. नळ जितका रुंद तितके पाणी अधिक वाहणार. विजेचा हा ओघ अँपिअरमध्ये मोजतात. अधिक ओहमचा हेडफोन म्हणजे अरुंद नळ. त्याला पाणी थोडेच लागते, परंतु ते पुढे ढकलण्यास टाकी उंच हवी. कमी ओहमचा हेडफोन म्हणजे रुंद नळ. त्याला टाकी ठेंगणी चालते, पण पाणी मुबलक पाहिजे. मोबाइलची टाकी ठेंगणी असते. सारे दुखणे एवढेच आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ओहम अधिक म्हणून हेडफोन अधिक चांगला, असा नियम नाही. बारीक तारेचे वेटोळे हलके करता येते, आणि ध्वनिमुद्रणाच्या खोलीत एकाच यंत्रावर अनेक हेडफोन एकदम लावावयाचे असल्यास अधिक ओहमचे हेडफोन त्या यंत्रावर भार कमी टाकतात. म्हणून ते प्रचारात आले. घरी एकट्याने ऐकणाऱ्याला यातील दुसऱ्या सोयीचा काही उपयोग नाही. ज्याला मोबाइलवरच ऐकावयाचे आहे त्याने त्याच हेडफोनचा कमी ओहमचा प्रकार मिळत असल्यास तो घ्यावा, म्हणजे पुढील खर्चाचे प्रकरणच मिटते.

हेडफोन घेऊन झाला असल्यास दुसरा आकडा पाहावा, तो संवेदनशीलतेचा. एक मिलिवॅट शक्ती दिली असता किती डेसिबल आवाज निघतो हे तो सांगतो. वर उल्लेखिलेल्या डीटी ९९० च्या २५० ओहमच्या प्रकारात हा आकडा ९६ डेसिबल आहे. एक मिलिवॅटसाठी किती व्होल्ट लागतात हे काढण्यास शक्तीला ओहमने गुणून त्याचे वर्गमूळ घ्यावे. एक मिलिवॅट म्हणजे ०.००१ वॅट, त्याला २५० ने गुणले असता ०.२५ येते व त्याचे वर्गमूळ ०.५. अर्थात त्या हेडफोनला एका मिलिवॅटसाठी अर्धा व्होल्ट लागतो. हाच हिशेब ३२ ओहमला केला तर सुमारे ०.१८ व्होल्ट, आणि ६०० ओहमला सुमारे ०.७७ व्होल्ट येतात.

आता आवाज किती हवा? घरी शांतपणे ऐकताना सरासरी ७५ ते ८० डेसिबल पुष्कळ झाले. परंतु संगीतात सरासरीहून उंच उसळणारे क्षण असतात. तबल्याची थाप किंवा तानेचा शेवटचा झटका सरासरीपेक्षा २० डेसिबलने सहज वर जातो. त्याशिवाय कित्येक मुद्रणे मुळातच हलक्या आवाजात भरलेली असतात. त्यांच्यासाठी आणखी १० डेसिबल हाती असावेत. याप्रमाणे ११० डेसिबलचे शिखर गाठण्याची तयारी ठेवली म्हणजे झाले. ९६ पासून ११० पर्यंत १४ डेसिबलचे अंतर आहे, आणि त्यासाठी दाब पाचपट करावा लागतो. तेव्हा ९६ डेसिबलच्याच संवेदनशीलतेच्या ३२ ओहमच्या हेडफोनला ०.९ व्होल्ट, २५० ओहमच्या हेडफोनला अडीच व्होल्ट आणि ६०० ओहमच्या हेडफोनला जवळजवळ चार व्होल्ट लागतील.

मोबाइलला जोडावयाच्या लहान परिवर्तकांपैकी पुष्कळसे अर्धा ते एक व्होल्टच देतात. एका व्होल्टवर २५० ओहमच्या हेडफोनचे शिखर १०२ डेसिबलला जाऊन थांबते. आजकालची चित्रपटगीते मुद्रणातच दाबून मोठी केलेली असल्याने ती यावरही भरपूर मोठी वाजतात. परंतु विलंबित ख्यालाची संथ बढत, जी हलक्या आवाजात भरलेली असते, तिला हे बळ अपुरे पडते. एकाच घरात मुलगा म्हणतो, "आवाज पुरेसा आहे," आणि आजोबा म्हणतात, "ऐकूच येत नाही," याचे कारण नेहमी आजोबांच्या कानातच असते असे नाही. दोघेही खरे बोलत असतात. फरक मुद्रणाचा असतो.

ॲम्प्लिफायरच्या खोक्यावर शक्तीचा आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो; त्याला भुलू नये. तो बहुधा ३२ ओहमचा असतो. समजा, "३२ ओहमला १०० मिलिवॅट" असे लिहिले आहे. ०.१ ला ३२ ने गुणल्यास ३.२, त्याचे वर्गमूळ सुमारे १.८. म्हणजे हे यंत्र निदान १.८ व्होल्ट देते. २५० ओहमच्या हेडफोनला त्यावर सुमारे १०७ डेसिबल मिळतील. बहुतेकांस ते पुरे. ६०० ओहमच्या हेडफोनला ते तोकडे पडेल. जो कारखानदार ३०० किंवा ६०० ओहमचा आकडाही वेगळा छापतो, त्याच्या मालाची पारख करणे सोपे जाते. कोणी हजारो मिलिवॅटची बढाई मारीत असेल तर २५० ओहमच्या हेडफोनचे ११० डेसिबलचे शिखर अवघ्या २५ मिलिवॅटमध्ये गाठले जाते, हे ध्यानात ठेवावे.

तिसरा आकडा ॲम्प्लिफायरच्या स्वतःच्या संरोधाचा. तो हेडफोनच्या संरोधाच्या एक अष्टमांशाहून अधिक नसावा, असा प्रचलित ठोकताळा आहे. हेडफोनचा संरोध सर्व स्वरांना सारखा नसतो. खर्जाच्या एका ठिकाणी तो बराच चढतो. ॲम्प्लिफायरचा संरोध मोठा असला की त्या ठिकाणी आवाज फुगतो व पखवाज घुमू लागतो. तथापि या बाबतीत अधिक ओहमचा हेडफोन सहनशील आहे. १२० ओहमच्या ॲम्प्लिफायरवर ३०० चा ५०० ओहम होणारा हेडफोन लावला तर खर्ज जेमतेम एका डेसिबलने वाढतो. ३२ चा ६४ होणारा लावला तर चार डेसिबलहून अधिक वाढतो. म्हणूनच काचेच्या व्हॉल्व्हचे, ट्रान्सफॉर्मर नसलेले ॲम्प्लिफायर, ज्यांचा स्वतःचा संरोध मोठा असतो, ते अधिक ओहमच्या हेडफोनशी जुळतात, आणि लहान हेडफोनशी त्यांचे पटत नाही. ट्रान्झिस्टरच्या यंत्रांत हा आकडा बहुधा एक-दोन ओहमच असतो; तेथे काळजीचे कारण नाही.

आता डॅककडे वळू. आवाजाच्या लहरीचे ठरावीक वेळाने माप घेऊन ती आकड्यांत मांडण्याच्या पद्धतीचे पेटंट ॲलेक रीव्ह्ज याने १९३८ साली घेतले. १९८२ साली आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कमध्ये सेकंदाला ४४,१०० मापे घेतली जातात व प्रत्येक माप १६ अंशांचे, म्हणजे १६ बिटांचे असते. मापांची संख्या ऐकावयाच्या कंपनांच्या दुपटीहून अधिक असली की त्या कंपनांची सारी माहिती टिकते; मनुष्याचा कान तरुणपणीही २०,००० कंपनांपलीकडे ऐकत नाही, आणि साठीनंतर तर ही मर्यादा पुष्कळच खाली येते. प्रत्येक बिटामागे सुमारे ६ डेसिबल धरता १६ बिटांत ९६ डेसिबलचा अवकाश मिळतो. लाखेच्या जुन्या तबकडीची खरखर जेथे आरंभापासून ऐकू येते, तेथे याहून अधिक अवकाशाचे काय करावयाचे? डॅक तर प्रत्येक मोबाइलमध्ये किंवा त्याच्या जोडणीत असतोच. तो साधा असला तरी बहुधा आपले काम चोख करतो. केवळ खोक्यावर २४ बिट व १,९२,००० असे आकडे आहेत म्हणून हेडफोनहून महाग डॅक घेणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

निराळा डॅक घेण्याचे खरे प्रसंग दोनच. संगणकातून आवाजाबरोबर खरखर वा गुणगुण येत असेल तर तो घ्यावा. किंवा हेडफोन लावण्याची जागाच यंत्रावर नसेल तर घ्यावा. मात्र गुणगुण आली की लगेच पैसे काढू नयेत. आधी संगणकाचा चार्जर भिंतीतून काढून पाहावा. गुणगुण थांबली तर दोष चार्जरकडून येणाऱ्या विजेचा किंवा घरच्या अर्थिंगचा आहे, आणि तो वायरमनकडून दुरुस्त होण्याजोगा आहे. डॅक व ॲम्प्लिफायर एकाच पेटीत असलेले आणि संगणकाच्याच विजेवर चालणारे यंत्र घरगुती वापरास सोयीचे. वीज गेली तरी संगणकाची बॅटरी असेतो गाणे चालू राहते. दोन्ही निराळे घेतल्यास एक लक्षात ठेवावे, की निराळा डॅक सामान्यतः दोन व्होल्ट देतो. त्याचे अडीच ते चार करण्यास दुपटीची वाढ पुरते. दहापटीचा ॲम्प्लिफायर घेतला तर आवाजाची कळ जेमतेम हलवताच आवाज कडाडतो, आणि त्या टोकाला डाव्या-उजव्या कानांत तफावतही पडते. कमी-अधिक वाढीचे बटण असलेले यंत्र यासाठी बरे.

टपालाने आलेले यंत्र परत करण्याची मुदत असते. तेवढ्यात त्याची परीक्षा करावी. परीक्षेत मुख्य सावधगिरी एकच: दोन यंत्रांचा आवाज सारखा करून मगच तुलना करावी. किंचित मोठा आवाज कानाला नेहमी अधिक स्वच्छ व रसाळ वाटतो, आणि पुष्कळ यंत्रांची कीर्ती एवढ्यावरच उभी असते. घरातील दुसऱ्या कोणी न सांगता यंत्रे बदलावी व ऐकणाऱ्याने ओळखावे. दहा वेळांत पाचच वेळा ओळखता आले तर महाग यंत्र निःशंक परत पाठवावे.

शेवटी ज्या वस्तूचा मोबदला परत मिळत नाही तिच्याविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास ही सुरक्षित मर्यादा सांगितली. मुलांसाठी ती ७५ डेसिबलची आहे. आवाज ३ डेसिबल वाढला की वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८९ ला अवघे पाच. जोरकस ॲम्प्लिफायर घरात आला म्हणजे ही मर्यादा ओलांडणे बोटाच्या एका वळणाचे काम होते. म्हणून कळ खाली आणून मग हेडफोन डोक्यावर चढवावा, ही शिस्त मुलांना पहिल्याच दिवशी लावावी. ऐकू कमी येऊ लागले म्हणून आवाज वाढवीत जाणाऱ्या वडील माणसाला नव्या यंत्राची नव्हे, तर कानाच्या डॉक्टरांची गरज असते.

एकंदरीत, खर्चाचा क्रम आधी हेडफोन, मग गरज असल्यास ॲम्प्लिफायर, आणि सर्वांत शेवटी डॅक असा ठेवावा. स्फटिकाच्या रेडिओवर हजारो ओहमचा हेडफोन लावून बसणाऱ्याला अवकाशातून येईल तेवढ्याच बळावर गाणे ऐकावे लागे. आजच्या श्रोत्याला बळ हवे तेवढे विकत मिळते. किती हवे हे मोजून घेणे तेवढे त्याच्या हाती राहिले आहे.