कोठीच्या बागेतील लहान कोठी

हैदराबादेत सुलतान बाजाराच्या वाटेने जाणारे आमचे मराठी बांधव पुष्कळ. विवेकवर्धिनीही तेथून दूर नाही. परंतु ज्या वाड्यावरून या भागास ‘कोठी’ हे नाव पडले, त्याच्या बागेत पाऊल टाकलेले थोडेच. आज तेथे महिला विद्यापीठ आहे.

कोठी बांधावयास घेतली 1803 साली. त्याच वर्षी असईची लढाई झाली. मुसा नदीच्या उत्तर तीरावर, तेव्हाच्या शहराबाहेर, इंग्रज रेसिडेंट जेम्स कर्कपॅट्रिक याने सुमारे साठ एकरांत हा बगीचा-वाडा उभारला. जागेच्या मागणीची एक गंमत सांगतात. नकाशा मोठ्या कागदावर पाहून निजामाने नकार दिला. तोच लहान कागदावर काढून नेला, तेव्हा लगेच होकार मिळाला!

कर्कपॅट्रिकने हैदराबादच्या उमराव घराण्यातील खैरुन्निसाशी मुसलमानी रीतीने विवाह केला होता. तिच्यासाठी बागेत रंगमहाल बांधला गेला. ती पडद्यात राहणारी. पुढील दर्शनी बाजू तिला पाहता येईना, म्हणून पतीने संपूर्ण कोठीची एक लहान प्रतिकृती मागील बागेत करविली, अशी आख्यायिका आहे. खांब, सज्जे, खिडक्या, सारे काही तीत आहे.

पुढे या कुटुंबाची वाताहत झाली. 1805 साली दोन्ही मुलांना इंग्लंडला पाठविण्यात आले आणि त्याच वर्षी कलकत्त्यात कर्कपॅट्रिक वारला. 1813 साली खैरुन्निसाही गेली. मुलांची तिची पुन्हा भेट झाली नाही. नंतरच्या एका रेसिडेंटाने 1860 साली रंगमहाल पाडविला. पूर्वाधिकाऱ्याच्या अनीतीची ती खूण त्यास सलत होती म्हणे. विधिपूर्वक झालेल्या विवाहास अनीती ठरविणाऱ्या या सोवळेपणाचे आम्हांस कौतुक वाटत नाही. रंगमहालाच्या दरवाजाचा थोडा भाग तेवढा उरला.

प्रतिकृती मात्र वाचली. कदाचित ती कोणाच्या डोळ्यांत खुपण्याइतकी मोठी नव्हती! त्याच आवारात इंग्रजांची जुनी दफनभूमीही आहे. आमच्या वाचकांनी तेथे क्षणभर थांबून प्रार्थना करावी.

2002 साली ही वास्तू वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या जगभरातील धोक्यातील वास्तूंच्या यादीत आली, आणि पुढे मुख्य इमारतीचे जतन निगुतीने झाले. आवारात जाण्याची परवानगी मिळाल्यास पुढच्या दोन सिंहांपाशीच रेंगाळू नये. मागील बाजूस जावे, आणि मुलाबाळांना त्या लहान कोठीपुढे उभे करून खैरुन्निसाची हकिकत सांगावी.