‘गिअरबॉक्स गेला’ असं म्हणण्याआधी

ओंकारेश्वरहून परत येत होतो. गाडीत सहा जण: आई-बाबा (म्हणजे माझे सासू-सासरे), नवरा, दोन मुलं आणि मी. गाडी मी चालवत होते. बडवाह मागे पडलं, चोरल गेलं आणि भेरूघाटाची चढण लागली. एका वळणावर पुढे ट्रक होता म्हणून वेग कमी केला, मग पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला, तर इंजिन नुसतंच ओरडलं. आरपीएमचा काटा ३,००० च्या पुढे आणि गाडी मात्र बैलगाडीच्या चालीनं. दोन-तीन सेकंदांनी मागून कुणी लाथ मारावी तसा धक्का बसला आणि गाडी ओढायला लागली. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. मग डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला.

“तू सारखा ब्रेकवर पाय ठेवतेस, त्यानं झालं असेल,” नवरा म्हणाला. घाट चढताना मी ब्रेकवर पाय कशाला ठेवीन? पण ती भांडायची वेळ नव्हती. जरा रुंद जागा बघून गाडी बाजूला घेतली, बंद केली. मुलांनी कणसं खाल्ली, आईंनी थर्मासमधला चहा वाटला. ४० मिनिटांनी गाडी सुरू केली तर जणू काही झालंच नव्हतं. सिमरोल, मग इंदूर, थेट घरापर्यंत शहाण्यासारखी आली.

ही गाडी आमच्या घरात नुसती गाडी नाही. बाबांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर क्लच दाबणं त्यांना जमेना, म्हणून त्यांच्याच निवृत्तीच्या पैशातून ही सात सीटची डिझेल ऑटोमॅटिक घेतली. रोज सकाळी भाजी आणायला आणि महिन्यातून एकदा उज्जैनला आत्यांकडे जायला बाबा ती स्वतः चालवतात. सहा वर्षं झाली, ८२,००० किलोमीटर झाले, वॉरंटी केव्हाच संपली.

सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावला, १० मिनिटांत निकाल आला. गिअरबॉक्स गेला. पूर्ण असेंब्ली बदलायची, ४ लाख ८० हजार. मी विचारलं, “तेल पाहिलंत का?” उत्तर आलं, “मॅडम, वो सील्ड रहता है. लाइफटाइम ऑइल है.” लाइफटाइम म्हणजे तेलाचं आयुष्य की गाडीचं, हे काही त्यानं सांगितलं नाही.

त्या रात्री जेवताना बाबा म्हणाले, “विकून टाकू. येईल ते येईल. मी रिक्षानं जात जाईन.” आणि ताटातली आमटी तशीच ठेवून उठले.

माझा आतेभाऊ पुण्यात ऑटोमोबाइल इंजिनिअर आहे. त्याला फोन केला. त्यानं पहिला प्रश्न विचारला, “ताई, कोडचा नंबर काय होता?” माझ्याकडे कागद होता: पी ०७००, पी ०७३०. “पहिल्याचा अर्थ एवढाच, की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला काहीतरी तक्रार आहे. दुसऱ्याचा अर्थ, आत शिरणारा वेग आणि बाहेर पडणारा वेग यांचं गणित त्या गिअरला जमायला हवं तसं जमत नाहीये. म्हणजे आत कुठेतरी घसरतंय. का घसरतंय, ते कोड सांगत नाही. ताप आला हे थर्मामीटर सांगतो, मलेरिया की टायफॉइड ते नाही सांगत.”

मग त्यानं विचारलं, “कधी होतं? थंड असताना की गरम झाल्यावर? चढावर की सपाटीवर? कोणत्या गिअरला?” मला एकाचंही धड उत्तर देता येईना. “एक वही कर,” तो म्हणाला. “आठवडाभर फक्त कॉलनीच्या आसपास फिरव, घाट-हायवे नको, आणि सगळं लिही.”

वहीकडे येण्याआधी आत काय चालतं ते थोडं सांगते, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी क्लचची गाडी ड्रायव्हिंग स्कूलनंतर चालवलीच नसेल. आमच्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टरवाला ऑटोमॅटिक आहे. दोन पंखे समोरासमोर ठेवा, एक लावा, त्याच्या वाऱ्यानं दुसरा फिरू लागेल. कन्व्हर्टरमध्ये वाऱ्याच्या जागी तेल असतं. एक पंखा इंजिनला, दुसरा गिअरबॉक्सला. हेरमान फोटिंगर या जर्मन इंजिनिअरनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही युक्ती काढली ती जहाजांसाठी. मोटारीत ती नंतर आली. वेग स्थिरावला की आतला एक क्लच दोन्ही पंख्यांना एकत्र बांधतो, त्याला लॉकअप म्हणतात. पुढे गिअरच्या जोड्या आणि त्यांना धरणारे-सोडणारे क्लचचे संच. त्यांना दाबून धरतं तेही तेलच, पंपानं दाब दिलेलं. वर तेच तेल आत वंगण घालतं आणि समोरच्या कूलरमध्ये जाऊन उष्णता टाकून येतं. इंजिनात तेल थोडं कमी झालं तर इंजिन बराच काळ तक्रार न करता चालतं. इथे तेल कमी झालं की पंप हवा ओढतो, तेलाला फेस येतो, फेसाचा दाब पडत नाही आणि क्लचची पकड सुटते. पकड सुटली की घासतं, घासलं की तापतं, तापलं की तेल पातळ होऊन दाब आणखी पडतो.

(तुमच्या गाडीत दुसऱ्या जातीचा ऑटोमॅटिक असेल तर हे जसंच्या तसं लागू करू नका. २०१४ साली सेलेरिओबरोबर आपल्याकडे आलेला एएमटी म्हणजे साधा क्लच आणि साधा गिअरबॉक्सच. पाय आपला नसून यंत्राचा, एवढंच. त्याचा झटका हा बऱ्याचदा दोष नसून स्वभाव असतो. सीव्हीटीत पट्टा असतो आणि त्याचं तेल वेगळं. काही ड्युअल क्लच गाड्यांत क्लच कोरडे असतात. त्या राजवाड्याच्या गर्दीत इंच-इंच सरकताना तापतात आणि थरथरतात.)

आता वही. आठ दिवसांत सहा नोंदी झाल्या. सकाळी पहिल्यांदा आर किंवा डीमध्ये टाकल्यावर दोन-तीन सेकंद काहीच होत नाही, मग दणका. १० मिनिटं चालल्यावर ठीक. सपाटीवर ठीक. बिल्डिंगच्या तळघरातून वर येणाऱ्या उतारावर, नाक वर असताना, दोनदा घसरली. एकदा जोरात डावं वळण घेताना घसरली. इंजिनचा आवाज सगळा वेळ नेहमीचाच. घराखाली फरशीवर तेलाचा एकही थेंब नाही. हा शेवटचा मुद्दा मी फार अभिमानानं लिहिला होता, आणि तोच फसवा निघाला.

वही वाचून आतेभाऊ म्हणाला, “चढावर आणि वळणावर घसरते, म्हणजे तेल बाजूला सरकलं की पंपाच्या तोंडाशी पुरत नाही. मला तेल कमी वाटतंय. पण फोनवरून सांगतोय, कुणीतरी खालून बघायला हवं.”

देवास नाक्याकडे एक उस्ताद आहेत, फक्त ऑटोमॅटिकची कामं करतात. पासष्टीचे असावेत, चष्मा दोऱ्यानं गळ्यात. बाबा, मी आणि वही गेलो. त्यांनी वही पूर्ण वाचली, दोनदा. मग बाबांना म्हणाले, “बाऊजी, आधा काम तो मैडम ने कर दिया.” नवरा सोबत असायला हवा होता असं वाटलं.

गाडी रात्रभर तिथेच ठेवायला सांगितली, कारण त्यांना ती थंड हवी होती. सकाळी आधी बॅटरी तपासली. मला वाटलं, याचा काय संबंध? ते म्हणाले, व्होल्टेज पडलं की गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर वेड्यासारखा वागतो आणि लोक गिअरबॉक्स उतरवून बसतात. आमची बॅटरी १२.६ व्होल्ट, चांगली. मग इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडलं आणि डीमध्ये टाकताना इंजिन किती उसळतं ते बघितलं. इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसतं ती फाटली असतील तरी असाच दणका बसतो. ती ठीक होती.

मग गाडी लिफ्टवर. या गाडीला गिअरबॉक्सची डिपस्टिकच नाही. खाली एक बोल्ट असतो. गाडी अगदी सपाट, इंजिन चालू, तेल ४० अंशांच्या आसपास, तेव्हा तो उघडायचा. पातळी बरोबर असेल तर बारीक धार येते. तापमान स्कॅनरवर बघायचं, कारण तेल जास्त तापलं की फुगतं आणि कमी असूनही धार येते. उस्तादांचा पोरगा आकडे मोठ्यानं वाचत होता, “छत्तीस, अडतीस, चालीस.” बोल्ट उघडला. काहीच आलं नाही. एक थेंब नाही. खालून पंपानं तेल भरत गेले. धार यायला पावणेदोन लिटर लागलं.

गेलं कुठे इतकं? इंजिनखालची प्लॅस्टिकची ढाल काढली तेव्हा कळलं. कूलरकडे जाणाऱ्या होजची धातूची पकड जिथे रबराला बसते, तिथून ते पाझरत होतं. ढालीवर चिखल-धूळ-तेल मिळून बोटभर थर. फरशीवर थेंब पडणार कसा? ढाल ते सगळं पीत होती.

तेल कमी होतं, हे सापडलं. पण कमी तेलावर किती नुकसान झालं, हा खरा पैशाचा प्रश्न तेव्हाही उघडाच होता. उस्तादांनी चेंबर उतरवलं. तेलाचा रंग मुळात लाल. आमचं काळपट तपकिरी झालेलं. त्यांनी बोटावर घेऊन हुंगलं आणि माझ्यापुढे बोट धरलं. “जला हुआ सूंघो तो पता चलता है, भूलोगे नहीं. ये थोड़ा है, पूरा नहीं.” चेंबरच्या तळाशी लोहचुंबक असतात. त्यांवर काजळासारखा राखाडी लेप होता. एवढा लेप इतक्या किलोमीटरला असतोच. चमकणारे तुकडे निघाले असते, किंवा क्लचच्या अस्तराचे काळे कपचे तळाशी साचलेले दिसले असते, तर सर्व्हिस सेंटरचं म्हणणं त्यांनीही मान्य केलं असतं. तेल गुलाबी दुधासारखं दिसलं असतं तर रेडिएटरचं पाणी आत शिरलेलं, आणि मग गाडी एक किलोमीटरही चालवायची नाही, असंही बोलता बोलता सांगितलं.

होज बदलले, फिल्टर बदलला, कंपनीनं सांगितलेल्याच प्रतीचं तेल घातलं. ‘कुठलंही लाल तेल चालतं’ म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नका. क्लचची पकड त्या प्रतीवर ठरते. मग क्लचच्या झिजेप्रमाणे कॉम्प्युटरनं साठवलेली जुनी मापं पुसून गाडी नव्यानं शिकवली. त्यासाठी उस्ताद बाबांना शेजारी बसवून बायपासवर २० किलोमीटर फिरवून आले. बिल २३,६०० रुपये.

तिथे बसल्या बसल्या इतर गाड्यांच्या कथाही ऐकल्या. एक एसयूव्ही ६०-७० च्या वेगाला हलक्या ॲक्सिलरेटरवर अशी थरथरायची की रस्त्यावरच्या पट्ट्यांवरून चाललोय असं वाटावं. मालकानं आधी इंजिनचे इंजेक्टर बदलले, थरथर तशीच. ती कन्व्हर्टरच्या लॉकअपची होती. दुसरी तिसऱ्या गिअरमध्येच अडकून आली होती. कॉम्प्युटर घाबरला की स्वतःला वाचवायला एकच गिअर धरून ठेवतो. तिचा दोष निघाला वायरिंगच्या कनेक्टरमध्ये शिरलेल्या पाण्यात. तिसरी मात्र दोरानं ओढत आणलेली. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, चाकं फिरतायत आणि आत वंगण नाही. किरकोळ दोषाची गाडी रस्त्यातच मोठ्या खर्चाची झाली. अशी गाडी फ्लॅटबेडवर चढवून आणायची, नाहीतर निदान ज्या चाकांना गिअरबॉक्स जोडलाय ती उचलून.

घाटात मी गाडी बंद केली ते बरोबर होतं का, हेही विचारलं. तेल नुसतं तापलं असेल तर पीमध्ये इंजिन चालू ठेवलेलं बरं, कूलरमधून तेल फिरत राहतं. पण गळतीचा संशय असेल तर बंदच. मी बंद केली ती घाबरून, पण ठीक निघालं.

निघताना बाबांनी स्पष्ट विचारलं, “अब पक्का है ना?” उस्ताद चष्मा पुसत म्हणाले, “पक्का नहीं बोलूंगा बाऊजी. क्लच को कितना घाव लगा है, छह महीने में गाड़ी खुद बताएगी.” ४ लाख ८० हजार सांगणाऱ्या माणसाच्या आवाजात एवढीशीही शंका नव्हती, ते मला तेव्हा आठवलं.

पाच महिने झाले. भेरूघाट दोनदा चढलो, एकदा भर उन्हात. घसरली नाही. सकाळच्या गारव्यात दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरला जाताना बारीकसा झटका देते, पहिल्या दोन किलोमीटरपर्यंत. वही आता ग्लव्ह बॉक्समध्ये असते आणि तिचा ताबा बाबांकडे गेला आहे. परवा उघडून पाहिली. त्यांच्या मोडी वळणाच्या अक्षरात तारीख, वेळ, थंड की गरम, असे रकाने पाडलेले. शेवटची नोंद: ‘उज्जैन, जाऊन-येऊन. झटका एक, जाताना. आत्यांकडे श्रीखंड. सूनबाईंना कळवले.’