फवाऱ्याच्या आधीचं काम

नागपूरच्या मनीषनगर-बेसा पट्ट्यात वीस-पंचवीस वर्षांपूर्वी उठलेल्या बंगल्यांच्या आणि फ्लॅट स्कीमच्या गच्च्या आता गळू लागल्या आहेत. त्याच रस्त्यांवर भाड्यासाठी उभ्या असलेल्या छोट्या हत्तींचे, म्हणजे टाटा एस गाड्यांचे, हौदे विटा, सळ्या आणि टाइल्स वाहून सोलवटले आहेत. या दोन्ही दुखण्यांवर सध्या एकच औषध सुचवलं जातं: पॉलियुरियाचं स्प्रे कोटिंग. आश्वासनही दोन्हीकडे सारखंच. "एकदा मारून घ्या भाऊ, मग दहा वर्षं पाहायचं काम नाही."

माल चांगला आहे, हे आधीच सांगतो. पण त्याच्याविषयी जे बोललं जातं, त्यात विकणाऱ्याच्या सोयीचं बरंच मिसळलेलं असतं. आणि ज्या कामावर सगळं टिकतं, ते फवारा सुरू होण्याआधीचं काम मात्र कोटेशनमध्ये एका ओळीत उरकलेलं असतं.

"जाड रंगच तो, दुसरं काय?"

रंग वाळतो, म्हणजे त्यातलं पाणी किंवा थिनर उडून जातं. पॉलियुरियात उडून जाण्यासारखं जवळपास काही नसतं. एका ड्रममध्ये आयसोसायनेट, दुसऱ्यात अमाइन गटाची रेझिनं. दोन्ही यंत्रात साधारण ६० ते ७५ अंशांपर्यंत तापवतात, दीड-दोनशे बार दाबाने वेगवेगळ्या नळ्यांतून आणतात आणि ती पहिल्यांदा भेटतात ती थेट बंदुकीच्या तोंडाशी. भेटताक्षणी रासायनिक क्रिया सुरू होते आणि काही सेकंदांत थर जमतो. उभ्या भिंतीवर मारला तरी ओघळ खाली यायला वेळच मिळत नाही.

याचं मूळ १९३७ सालात आहे. जर्मनीत ऑटो बायर यांनी आयसोसायनेटपासून पॉलियुरेथेन बनवायची वाट दाखवली. फवारायच्या पॉलियुरियाचं तंत्र १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या टेक्साको कंपनीच्या रसायन विभागात आकाराला आलं. तिकडे घरोघरी पिकअप, म्हणून हौद्याच्या अस्तराचा धंदाही तिथेच फोफावला. ऱ्हायनो लायनिंग्ज १९८८ ची, लाइन-एक्स १९९३ ची.

हे सांगायचं कारण व्यवहाराचं आहे. गरम फवाऱ्याचा पॉलियुरिया ब्रशने किंवा रोलरने लावता येत नाही, तो ब्रशवरच दगड होईल. तेव्हा दोन बादल्या आणि रोलर घेऊन कोणी गच्चीवर चढला, तर तो दुसरं काही लावतोय: अ‍ॅक्रिलिक, पीयू (पॉलियुरेथेन), किंवा हाताने लावायचा सावकाश जमणारा प्रकार. हे सगळे पदार्थ आपापल्या जागी ठीक आहेत. फक्त त्यांचे पैसे त्यांच्या भावाने द्यावेत.

मोजणीही सोपी आहे. या पदार्थाचं वजन लिटरला साधारण एक किलो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर जाडीचा थर द्यायला एक लिटर लागतो. हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे ९३ चौरस मीटर. दीड मिलिमीटर थर हवा असेल तर वाया जाणारा माल सोडूनही सुमारे १४० लिटर लागणारच. वीस-वीस लिटरच्या दोन बादल्यांत ती गच्ची उरकली, तर थर अर्ध्या मिलिमीटरचाही बसला नाही. गुणाकार घरमालकालाही येतो.

हाच गुणाकार उलट्या भीतीवरही चालतो. "गाडी जड होते, पासिंगमधला माल कमी बसतो," असं छोटा हत्तीवाले म्हणतात. टाटा एस गोल्डचा हौदा २२०० बाय १४९० मिलिमीटरचा, बाजू ३०० मिलिमीटर उंच. तळ आणि आतल्या बाजू धरून साडेपाच चौरस मीटर. तीन मिलिमीटर थर दिला तरी वजन सतरा-अठरा किलो. म्हणजे सिमेंटच्या अर्ध्या गोणीपेक्षा कमीच.

"गंज असला तरी चालतो, वरून सील होतो"

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हा. गंजाला लागतं पाणी आणि हवा, आणि गंजाच्या पापुद्र्यात दोन्ही आधीच साठलेली असतात. वरून थर दिला की गंज थांबत नाही, फक्त दिसेनासा होतो. वर्षा-दोन वर्षांनी एखाद्या कोपऱ्यात फुगा येतो. तो फोडून बघितला तर खाली पत्र्याची चाळण झालेली असते.

सुटलेला तुकडा हाती लागला तर तो फेकू नये, उलटा करून बघावा. निदान मागच्या बाजूवरच लिहिलेलं असतं. मागे तपकिरी भुगा चिकटलेला असेल तर गंजावर मारलं होतं. बारीक मातीचा एकसारखा थर असेल तर धुतलं नव्हतं. आणि पाठ गुळगुळीत, कंपनीच्या रंगाची चकाकी जशीच्या तशी उमटलेली असेल, तर रंग घासलाच नव्हता. चकचकीत रंगावर हा थर नुसता बसतो, धरत नाही. अशा थराची एक कड उचकटली की अख्खी पट्टी हातात येते.

बरोबर काम कसं दिसतं? हौद्यातले हुक, कड्या, रबर काढलेले असतात. तेल आणि ग्रीस डिग्रीझरने धुतलेलं असतं. चांगला असलेला रंग खरवडून काढलेला नसतो, पण घासून पूर्ण निस्तेज केलेला असतो. गंज लागलेली जागा तेवढी लोखंड पांढरं दिसेपर्यंत नेलेली असते आणि त्यावर प्रायमर असतो. पाणी जायची भोकं बंद होऊ नयेत म्हणून झाकलेली असतात. ही भोकं बुजवून टाकणारे महाभाग आहेत. पुढे पावसाळ्यात हौद्यात तळं साचतं. या सगळ्याला अख्खा दिवस लागू शकतो आणि फवारा तासाभरात संपतो. "दोन तासांत गाडी देतो" म्हणणाऱ्याने काय गाळलं असेल, ते यावरून कळावं.

हौद्यात रबरी मॅट किंवा प्लायवूड टाकायची जुनी पद्धत स्वस्त आहे, पण तिच्याखाली पाणी आणि वाळू अडकते आणि पत्रा तिथूनच जातो. चिकटून बसणाऱ्या थराचा खरा फायदा हाच, की त्याच्या आणि पत्र्याच्या मध्ये काही शिरू शकत नाही. अर्थात तो खरोखर चिकटला असेल तर.

"बॉम्बनेही फुटत नाही"

टॉवरवरून खाली टाकलेलं, उसळी मारूनही न फुटणारं टरबूज तुम्ही मोबाइलवर पाहिलं असेल. त्यावर हेच कोटिंग असतं. अमेरिकी हवाई दलाच्या प्रयोगशाळेने विटा-ब्लॉकच्या भिंतींवर पॉलियुरिया मारून स्फोटांच्या चाचण्या घेतल्या, हेही खरं आहे. पण त्या चाचण्यांतून सिद्ध काय झालं? भिंत मोडली, तडकली, वाकली. तिचे तुकडे मात्र गोळ्यांसारखे आत उडाले नाहीत, कारण मागच्या लवचिक थराने ते धरून ठेवले. टरबुजाचंही तेच. साल फाटत नाही, म्हणून आतला गर शाबूत राहतो असं नाही.

हौद्यात जड यंत्राचा कोपरा आदळला तर खालचा पत्रा चेपणारच. थर तुटणार नाही, म्हणून तिथे गंज सुरू होणार नाही, एवढाच लाभ. तो कमी नाही. मात्र उमरेडकडचा कोळसा किंवा खाणीतला धारदार दगड रोज ओतणाऱ्या टिपरला हे अस्तर सुचवू नये. रबरासारखा थर घासणं सोसतो, पण धारेने कापला जातो. तिथे झीजरोधक पोलादाची पत्रीच बरी. गरम डांबरमिश्रित खडी प्लांटमधून निघते तेव्हा दीडशे अंशांच्या आसपास असते. तेही याचं काम नव्हे.

"लवचिक आहे, भेगा आपोआप झाकतो"

आता गच्ची. इथे भानगडी जास्त, कारण लोखंड गप्प असतं आणि काँक्रीट श्वास घेतं.

आपल्याकडच्या जुन्या गच्च्यांवर ब्रिकबॅट कोबा असतो. विटांच्या तुकड्यांचा तो थर वर्षानुवर्षं पाणी पीत आलेला असतो. त्यावर घट्ट आवरण घातलं की आतल्या पाण्याला वर यायची वाट बंद होते. एप्रिल-मेमध्ये स्लॅब तापतो, त्या पाण्याची वाफ होते आणि ती आवरणाला खालून ढकलते. मग फोड येतात, आधी सुपारीएवढे, मग बशीएवढे. कंत्राटदार म्हणतो माल खराब आला. माल बहुतेक वेळा ठीक असतो, ओल तपासलेली नसते.

तपासणीला यंत्र लागत नाही. दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लास्टिक गच्चीवर ठेवून चारही कडा टेपने घट्ट बंद करायच्या आणि किमान १६ तास तसंच सोडायचं. खाली थेंब जमले किंवा काँक्रीटचा रंग गडद झाला, तर थांबायचं. नव्या स्लॅबला तर २८ दिवस द्यावेतच.

वेळही महत्त्वाची. सकाळी ऊन चढतं तशी काँक्रीटच्या छिद्रांतली हवा फुगून बाहेर येते आणि ताज्या थरात सुईच्या अग्राएवढी भोकं पाडते. दुपारनंतर स्लॅब निवू लागला की हा त्रास कमी होतो. नागपुरात कामाला लवकर लागून उन्हाआधी मोकळं व्हायची रीत आहे, ती इथे नेमकी उलटी करावी लागते. पावसाळ्यात दुसरं पथ्य: पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंश वर हवं. नाहीतर न दिसणाऱ्या ओलीवरच फवारा बसतो.

आता भेगेचं. पॉलियुरिया आपल्या लांबीच्या तिप्पट-चौपट ताणला जातो, असं पत्रकात छापलेलं असतं आणि ते खरंही असतं. पण तो आकडा मोकळ्या पट्टीचा. भेगेच्या दोन्ही काठांना घट्ट चिकटलेल्या थरात ताण घ्यायला जागा किती, तर भेगेच्या रुंदीएवढीच, म्हणजे केसाएवढी. भेग एकाएकी दोन मिलिमीटर उघडली तर तिथे थर फाटू शकतो. म्हणून भेग आधी कोरून सीलंटने भरायची आणि हलती भेग असेल तर तिच्यावर न चिकटणारी पट्टी टाकून थराला ताणायला मोकळीक द्यायची. हे काम कंटाळवाणं असतं, आणि फोटोत दिसत नाही.

"घर थंड होतं"

सोनेगावच्या वेधशाळेत ४५ अंश नोंदले जातात ते सावलीतल्या हवेचे. तेव्हा उघड्या गच्चीचा पृष्ठभाग साठीच्या पुढे गेलेला असतो. दीड-दोन मिलिमीटरचा थर उष्णता अडवत नाही. अडवली तर पांढरा रंग अडवतो, तोही ऊन परतवून. करड्या रंगाचं कोटिंग केलं तर गच्ची जशी तापायची तशीच तापणार. उष्णता रोखणारा पीयू फोम हा वेगळा पदार्थ. तो इंचांत मारतात आणि त्यावर उन्हापासून वाचवणारा थर द्यावाच लागतो.

स्वस्तातला, म्हणजे अ‍ॅरोमॅटिक जातीचा पॉलियुरिया उन्हात पिवळा पडतो आणि हात फिरवला की पांढरी भुकटी लागते. त्याने आतली ताकद लगेच जात नाही, रूप जातं. रंग टिकवायचा असेल तर वरून अ‍ॅलिफॅटिक थर लागतो. तो महाग असतो, म्हणून कोटेशनमध्ये आहे का ते पाहावं.

"हे तर भोपाळवालं रसायन!" आणि "काही होत नाही, रुमाल बांधला की झालं"

या दोन टोकाच्या गोष्टी, आणि दोन्ही चूक. १९८४ च्या डिसेंबरमध्ये भोपाळला सुटला तो मिथाइल आयसोसायनेट. तो ३९ अंशांनाच उकळतो, म्हणजे आपल्या उन्हाळ्यात उघड्यावर ठेवला तरी वायू होईल. कोटिंगमधलं आयसोसायनेट बहुधा एमडीआय जातीचं असतं. ते नेहमीच्या तापमानाला फारसं उडत नाही, आणि क्रिया पूर्ण झालेल्या थरात मोकळं आयसोसायनेट जवळपास उरत नाही. त्या गच्चीवर पापड वाळत घालायला हरकत नाही, खाली चादर टाकून.

पण फवारताना तेच रसायन सूक्ष्म थेंबांच्या रूपाने हवेत असतं आणि ते फुप्फुसात गेलं तर दमा जडतो. एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे अगदी थोड्या प्रमाणानेही झटका येतो आणि त्या कारागिराला हा धंदा सोडावा लागतो. रुमाल किंवा साधा मास्क इथे निरुपयोगी. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा पूर्ण चेहऱ्याचा मास्क, हातमोजे, अंगभर सूट, एवढं हवंच. शेजारच्या गच्चीवरचे कूलर तेवढा वेळ बंद ठेवायला सांगावं, नाहीतर ते तीच हवा घरात ओढतात. आणि वाऱ्याच्या दिवशी खाली उभ्या कारवर उडालेले ठिपके निघत नाहीत. त्यावरून भांडणं होतात.

"नव्या गाडीला खालून मारून घ्याच"

मुंबई-कोकणातल्या खाऱ्या हवेत या सल्ल्याला अर्थ आहे. नागपुरातली हवा वर्षातले बरेच महिने कोरडी, मीठ नाही. आजच्या मोटारींचा सांगाडा कारखान्यातच विद्युत-प्रक्रियेने प्रायमरमध्ये बुडवून येतो. इथे पावसाळ्यानंतर चाकांच्या कमानीतली काळी माती दाबाच्या पाण्याने धुऊन काढली, तर बहुतेकांचं भागतं. शोरूममध्ये हेच पॅकेज "सिरॅमिक कोटिंग"सोबत विकतात तेव्हा एक ध्यानात ठेवावं: सिरॅमिकचा थर मायक्रॉनमध्ये मोजतात, हौद्याचा मिलिमीटरमध्ये. एकाचं काम दुसरा करत नाही.

पिण्याच्या पाण्याच्या टाकीला आतून मारायचं असेल तर त्या मालाकडे पेयजलासाठीचं स्वतंत्र प्रमाणपत्र हवं. एनएसएफ-एएनएसआय ६१ हे त्यातलं एक. "वॉटरप्रूफ आहे" एवढं पुरेसं नाही. हौद्याच्या आतल्या अस्तराने आरसी बुकातली माहिती बदलत नाही. पण गाडीच बाहेरून वेगळ्या रंगाच्या खरबरीत थराने मढवली तर ते मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या कक्षेत येतं, आधी आरटीओला विचारावं.

शेवटचं, जे विकणारा सहसा सांगत नाही. आपल्याकडे हौद्याला वर्षातून एकदा तरी वेल्डिंग लागतं. हा थर पेटला की त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू निघतात. वेल्डरला आधी सांगायचं, सांध्याच्या आजूबाजूचा थर खरवडून काढायचा, मगच ठिणगी. खरवडायला वेळ लागेल, कारण नीट चिकटलेलं हे कोटिंग सहजी सुटत नाही. सहज सुटलं, तर ते उलटून बघा.