न्यायमूर्ति पाल यांचा निकाल आणि जपानची स्मृति

मे १९०५ मध्यें त्सुशिमाच्या सामुद्रधुनींत जपानी आरमारानें रशियाच्या आरमाराचा धुव्वा उडविला, तेव्हां त्या विजयाचा आनंद हिंदुस्थानांतील सुशिक्षित घरांतूनहि झाला. आशियांतील एका राष्ट्रानें युरोपांतील एका बलाढ्य साम्राज्यास नमविलें होतें. पारतंत्र्यांत असलेल्या समाजास त्यांत स्वतःच्या भवितव्याचें सुचिन्ह दिसावें, हें स्वाभाविकच होतें. जपानविषयींचा तो आदर पुढेंहि टिकला आणि त्यांतील पुष्कळसा सार्थहि आहे. परंतु ज्याला आपण थोर मानलें त्याच्या हातून घडलेलें पाप ऐकावयास कान सहसा राजी नसतात. जपानच्या युद्धकालीन अत्याचारांविषयीं आपल्याकडे जें मौन आढळतें त्याचें एक कारण हें. दुसरें कारण म्हणजे एका भारतीय न्यायाधीशाच्या निकालाचा अर्धवट लावलेला अर्थ. त्या निकालाचा येथें थोडा विचार करावयाचा आहे.

त्सुशिमाचा विजय आशियाच्या मुक्तीचा आरंभ ठरला नाहीं. तैवान १८९५ सालींच जपानच्या हातीं गेलें होतें. १९१० मध्यें कोरिया खालसा झाला. १८ सप्टेंबर १९३१ रोजीं मुकदेन शहराजवळ जपानी लष्करी अधिकाऱ्यांनींच रेल्वेमार्गावर स्फोट घडवून आणला, त्याचा आळ चिनी लोकांवर घातला आणि त्या निमित्तानें मांचुरिया व्यापला. राष्ट्रसंघानें दोष दिला तेव्हां जपाननें १९३३ सालीं राष्ट्रसंघाचाच त्याग केला. जुलै १९३७ मध्यें चीनशीं उघड युद्ध जुंपलें आणि १३ डिसेंबर १९३७ रोजीं चीनची तत्कालीन राजधानी नानकिंग पडली.

पुढील सुमारें सहा आठवडे त्या नगरींत जें घडलें तें सांगतांना लेखणी अडखळते. शरण आलेले सैनिक व निःशस्त्र नागरिक यांची सर्रास कत्तल झाली, हजारों स्त्रियांवर बलात्कार झाले, घरें लुटून जाळण्यांत आलीं. तेथें राहिलेल्या मूठभर परकीयांनीं निर्वासितांसाठीं एक सुरक्षित विभाग राखला होता. त्यांचा प्रमुख जॉन राबे हा जर्मन व्यापारी होता, आणि तो हिटलरच्या पक्षाचा सभासद होता. म्हणजे जपानचा वैरी म्हणून त्याची साक्ष फेटाळतां येत नाहीं. त्याची रोजनिशी आज उपलब्ध आहे.

नानकिंग हा एकच डाग नव्हे. हार्बिन शहराजवळ पिंगफांग येथें शिरो इशी या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हाताखालीं ‘तुकडी ७३१’ हें पथक जिवंत माणसांवर रोगजंतूंचे प्रयोग करीत असे. कोरिया, चीन व इतर देशांतील असंख्य तरुणींना सैनिकांच्या उपभोगासाठीं वेश्यागृहांत कोंडण्यांत आलें. सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या कामावर युद्धकैद्यांबरोबर मलायांतले तमिळ मजूरहि हजारोंनीं मेले.

या साऱ्याचा न्याय करण्यासाठीं टोकियो येथें मे १९४६ मध्यें आंतरराष्ट्रीय न्यायासन बसलें. अकरा राष्ट्रांचे अकरा न्यायाधीश होते. आपल्या देशातर्फे कलकत्त्याचे न्यायमूर्ति राधाविनोद पाल यांची नेमणूक झाली होती. नोव्हेंबर १९४८ मध्यें बहुमताचा निकाल लागून सात जणांस फांशीची शिक्षा झाली. पाल यांनीं मात्र हजाराहून अधिक पृष्ठांचा स्वतंत्र निकाल लिहून सर्व आरोपींना सर्व आरोपांतून मुक्त केलें.

त्यांचा युक्तिवाद मोठा धैर्याचा होता. युद्ध सुरूं झालें त्या वेळीं आक्रमक युद्ध हा व्यक्तीचा गुन्हा ठरविणारा कायदा अस्तित्वांत नव्हता. मागाहून केलेल्या कायद्यानें मागच्या कृत्याला शिक्षा देणें न्यायाला धरून नाहीं. आणि जेत्यांनीं केवळ जितांचाच न्याय करावा, स्वतः टाकलेल्या अणुबाँबचा नव्हे, ही न्यायाची विटंबना होय, असें त्यांनीं प्रतिपादिलें. साम्राज्यशाहीचा जाच सोसलेल्या देशाच्या न्यायाधीशास ही विसंगति तीव्रतेनें जाणवावी, यांत नवल नाहीं.

परंतु याच निकालाचें दुसरें अंग विसरलें जातें. साक्षीपुराव्यांत अतिशयोक्ति असूं शकते हें धरून चालल्यावरहि नानकिंग येथें जपानी सैनिकांचें वर्तन अत्यंत क्रूर होतें, याविषयीं शंका उरत नाहीं, असें पाल यांनीं नमूद केलें आहे. युद्धकैदी व नागरिक यांच्यावरील अत्याचारांचा पुरावा प्रचंड आहे, हेंहि ते मान्य करतात. समोर उभ्या असलेल्या या विशिष्ट पुढाऱ्यांनीं तीं कृत्यें करविलीं हें कायद्यानें सिद्ध झालें काय, एवढ्याच प्रश्नाला त्यांचें उत्तर नकारार्थी होतें. खुनाच्या खटल्यांत आरोपी सुटला म्हणून मेलेला माणूस जिवंत होत नाहीं. खून झालाच नव्हता असेंहि ठरत नाहीं.

हा साधा भेद पुसण्याचा उद्योग जपानांतील एका पक्षानें चिकाटीनें केला. नानकिंगच्या प्रकरणीं फांशी गेलेले सेनापति मात्सुई यांचे एके काळचे चिटणीस मासाआकि तानाका यांनीं १९६३ सालीं पाल यांच्या नांवानें ‘जपानच्या निर्दोषत्वा’चें पुस्तक प्रसिद्ध केलें. आरोपी निर्दोष, या ठिकाणीं जपान निर्दोष असा बदल झाला. याच गृहस्थांनीं मात्सुईंची रोजनिशी छापतांना तिच्यांत शेंकडों ठिकाणीं फेरफार केल्याचें १९८५ मध्यें उघडकीस आलें. २००५ सालीं टोकियोच्या यासुकुनी देवस्थानांत पाल यांचें स्मारक उभें राहिलें. त्याच देवस्थानांत १९७८ पासून टोकियोच्या खटल्यांतील चौदा प्रमुख युद्धगुन्हेगारांचें पूजन होत आहे.

नाकारण्याची दुसरी रीत आंकड्यांची आहे. चीनचें सरकार मृतांची संख्या तीन लाख सांगतें, टोकियोच्या न्यायासनानें ती दोन लाखांहून अधिक धरली, इतिहासकारांत याहून कमी आंकडे देणारेहि आहेत. संख्येविषयीं शोध अवश्य व्हावा. पण आंकडा वादग्रस्त म्हणून घटनाच संशयास्पद, ही उडी तर्काला मान्य नाहीं. शिवाय शरणागतीच्या वेळीं, ऑगस्ट १९४५ मध्यें, लष्करी दप्तरें मोठ्या प्रमाणावर जाळण्यांत आलीं होतीं. ज्यांच्या बाजूनें कागद जाळले गेले, त्यांनींच पुढें कागदाचा पुरावा मागावा, हा न्याय अजब खरा!

या विषयाशीं आपला संबंध केवळ एका न्यायाधीशापुरता नाहीं. मार्च १९४२ मध्यें जपाननें अंदमान बेटें घेतलीं. डिसेंबर १९४३ मध्यें नेताजी सुभाषचंद्र बोस यांनीं तेथें राष्ट्रध्वज फडकविला, ही घटना आपण अभिमानानें आठवतों. पण पुढल्याच महिन्यांत तेथील हिंदी स्वातंत्र्य संघाचे अध्यक्ष डॉ. दिवाणसिंग हे जपान्यांच्या छळानें मरण पावले, आणि ३० जानेवारी १९४४ रोजीं होम्फ्रेगंज येथें ४४ भारतीयांना हेर ठरवून गोळ्या घालण्यांत आल्या. ध्वजाची तारीख पाठ असावी आणि या मृतांची नसावी, हें आपल्याला शोभत नाहीं.

त्या काळचे आपले थोर पुरुष असे एकांगी नव्हते. रवींद्रनाथ ठाकूर जपानच्या कलेचे व सौंदर्यदृष्टीचे चाहते होते, तरी १९३८ मध्यें जपानी कवि योने नोगुची यांनीं चीनवरील स्वारीचें समर्थन केलें तेव्हां त्यांनीं पत्रांतून त्यांस स्पष्ट शब्दांत विरोध केला. त्याच वर्षीं राष्ट्रसभेनें चीनला पांच डॉक्टरांचें पथक पाठविलें. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. डिसेंबर १९४२ मध्यें, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, चीनमध्येंच त्यांचा अंत झाला.

जपानवर प्रेम करणारे सत्य बोलूं शकतात, याचें सर्वांत मोठें उदाहरण मात्र जपाननेंच दिलें आहे. साबुरो इएनागा या इतिहासाच्या प्राध्यापकानें आपल्या पाठ्यपुस्तकांवरील सरकारी कात्रीविरुद्ध १९६५ मध्यें दावा लावला आणि तीन दाव्यांच्या रूपानें बत्तीस वर्षें तो झगडला. अखेर १९९७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ‘तुकडी ७३१’चा उल्लेख गाळावयास लावणें बेकायदेशीर ठरविलें. १९९५ सालीं पंतप्रधान मुरायामा यांनीं आक्रमणाबद्दल व वसाहतींतील राज्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. नानकिंग येथें निःशस्त्रांची हत्या व लूट झाली, हें जपानचें सरकारहि नाकारीत नाहीं.

घरांतील मुलांस पाल यांचें नांव अवश्य सांगावें. बहुमताविरुद्ध उभें राहण्याचें तें उदाहरण आहे. पण त्यांचा निकाल सांगावयाचा तर संपूर्ण सांगावा. जेत्यांच्या न्यायांतील खोट दाखविणारा आणि नानकिंगचें क्रौर्य मान्य करणारा, हा न्यायाधीश एकच होता.