नफा, सूट आणि बीजगणित

शंभर रुपयांच्या मालावर २० टक्के नफा धरून किंमत लावली आणि पुढे त्या किमतीवर २० टक्के सूट दिली, तर हाती किती येतात? पुष्कळ विद्यार्थी ‘शंभर’ असे सांगून मोकळे होतात. पेढीवर आयुष्य घालवलेले आजोबा मात्र तत्काळ म्हणतात, “शहाण्णव. चार रुपये अंगावर आले.” नफा १०० वर मोजला, सूट १२० वर, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते.

नातवाच्या बीजगणितात हाच व्यवहार वेगळ्या वेषात येतो. दोन संख्यांची बेरीज आणि वजाबाकी यांचा गुणाकार म्हणजे त्यांच्या वर्गांतील फरक, हे सूत्र तो पाठ करतो. १२० गुणिले ८० म्हणजे १०० चा वर्ग वजा २० चा वर्ग, अर्थात ९६००. त्याला १०० ने भागले की तेच ९६! परंतु हा दुवा कोणी दाखविला नाही, तर टक्केवारी एक ओझे आणि सूत्र दुसरे ओझे ठरते. सुट्या नियमांचा भार वाढत गेला की ‘मला गणित येतच नाही’ ही भावना मनात घर करते, आणि असे मन नवे दुवे शोधण्याचे धाडसच करीत नाही.

ब्रिटिश गणित-शिक्षणतज्ज्ञ रिचर्ड स्केम्प यांनी १९७६ मधील एका लेखात हा भेद स्पष्ट केला. केवळ नियम वापरता येणे निराळे. नियम का चालतो आणि तो कशाशी जोडलेला आहे हे उमगणे निराळे.

आपल्या परंपरेला ही दृष्टी परकी नाही. नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळी महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. त्याच्या आरंभीच वैद्यक, वास्तुविद्या, संगीत, छंद, पाकशास्त्र अशा नाना क्षेत्रांतील गणिताचा उपयोग त्यांनी सांगितला आहे. या ग्रंथाचा हिंदी अनुवाद सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेत १९६३ साली प्रसिद्ध झाला.

मुलांना उत्तम शिकवणी लावणे पालकांना शक्य असते, पण त्यासोबत दुकानातील एखादे बिल समोर ठेवून “हे वर्गात कुठे भेटले होते?” एवढे विचारणेही आवश्यक आहे. “आपल्या घरात गणित कुणालाच जमत नाही,” हे वाक्य मात्र मुलांच्या कानी पडू नये. ज्या घराचा चरितार्थच हिशेबावर चालतो, तेथे ते खरेही नसते.