खिडकीतला परदेश

१९९६ च्या मे महिन्यात आम्ही उभयता माझ्या धाकट्या भावाकडे जिनिव्हाला महिनाभर राहिलो होतो. त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून सालेव्ह दिसायचा. दिसायचा कसला, खिडकी भरून टाकायचा! सकाळी चहाचे आधण ठेवताना हिची नजर आधी तिकडे जायची. लांबलचक डोंगर, माथा बराचसा सपाट, आणि शहराकडच्या बाजूला चुनखडीचा उभा कडा. कड्यावर आडवे थर, आपल्या सह्याद्रीला असतात तसेच. फक्त काळ्याऐवजी पांढुरके.

"या रविवारी जाऊ या की वर," पहिल्याच आठवड्यात ही म्हणाली.

भाऊ हसला. "वहिनी, तो डोंगर फ्रान्समध्ये आहे."

आमच्या पासपोर्टवर व्हिसा होता तो एकट्या स्वित्झर्लंडचा. म्हणजे बसने अर्ध्या तासावरचा डोंगर आम्हाला बंद! महिनाभर सरोवर पाहिले, एकशेचाळीस मीटर उंच उडणारे ते प्रसिद्ध कारंजे पाहिले, चॉकलेटे घेतली. पण विमानात बसल्यावर हिने जे पहिले वाक्य काढले ते सालेव्हचे. "जेजुरीला जाऊन पायथ्यावरून परत आल्यासारखं झालं."

शहर एका देशात आणि त्याचा डोंगर दुसऱ्या देशात, हे कोडे तेव्हा मला उलगडले नव्हते. जिनिव्हाचे लोक सालेव्हला आपलाच समजतात आणि फ्रेंच लोकही त्याला 'जिनिव्हाचा सज्जा' म्हणतात. पण हा मुलूख शतकानुशतके सॅव्हॉयच्या ड्यूकांचा, आणि ड्यूकांचे नि या शहराचे हाडवैर. डिसेंबर १६०२ मध्ये ड्यूकच्या सैनिकांनी मध्यरात्री शिड्या लावून तट चढायचा प्रयत्न केला आणि ते मार खाऊन परतले. एका बाईने खिडकीतून गरम सुपाचे भांडेच शत्रूच्या डोक्यावर ओतले, अशी कथा आहे. तिच्या आठवणीसाठी दर डिसेंबरला तिथे चॉकलेटचे भांडे फोडून घरोघर खातात. पुढे १८६० मध्ये सॅव्हॉय फ्रान्सला जोडला गेला आणि डोंगरही त्याच्याबरोबर गेला.

डिसेंबर २००८ मध्ये स्वित्झर्लंड शेंगेन व्यवस्थेत आले. एका व्हिसावर दोन्ही देश मोकळे झाले. पण आमचा योग यायला २०२४ चा सप्टेंबर उजाडला, आणि तोवर हिचे गुडघे संपावर गेले होते. सुदैवाने सालेव्हला रोपवे आहे. १९३२ सालचा. मध्ये १९७५ ते १९८४ तो बंदच होता. अलीकडे पुन्हा दुरुस्तीसाठी थांबला होता, तो २०२३ च्या सप्टेंबरात सुरू झाला.

बसने व्हेरिये या सीमेवरच्या गावी उतरलो. हिने सवयीने पासपोर्ट पर्समधून काढून हातात धरला होता. चौकीत बघायला कोणी नव्हते. एक बाई कुत्रे घेऊन फ्रान्समधून आली, पाव घेतला आणि परत गेली. आम्हीही चालत चालत देश बदलला. हिने पासपोर्ट मात्र रोपवेपर्यंत आत ठेवला नाही.

पायथ्याशी कड्याला मोठमोठ्या जखमा दिसतात, त्या दगडाच्या खाणींच्या. जिनिव्हातल्या कितीतरी इमारती या दगडाच्या. याच पायथ्याशी कोसळलेल्या शिळांच्या आडोशाला हिमयुगाच्या अखेरीस रेनडिअरची शिकार करणारी माणसे राहत होती. त्यांची हाडा-शिंगांची कोरीव हत्यारे खाणकामात सापडली आणि त्यांचे निवारे त्याच खाणकामात नष्ट झाले.

रोपवेने काही मिनिटांत सुमारे अकराशे मीटरवर नेऊन सोडले. सर्वांत उंच टोक, ग्रां पितों, १,३७९ मीटर. ते पुढे आहे, आम्ही त्याच्या वाटेला गेलो नाही. वरचे स्थानक मॉरिस ब्रायार नावाच्या वास्तुकाराचे. पैसे संपल्यामुळे ते १९३२ पासून अर्धवटच राहिले होते, ते या दुरुस्तीत पुरे केले. त्याच्या भिंतीवर आता चढाई शिकवतात. हे इथे शोभते, कारण कडे चढण्याला फ्रेंचमध्ये 'व्हाराप' म्हणतात तो शब्द सालेव्हच्याच एका घळीच्या नावावरून आला. मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन'मधला तो राक्षस विजेच्या लखलखाटात याच कड्यावर चढताना दिसतो. १८१६ चा थंड, पावसाळी उन्हाळा तिने इथल्या सरोवराकाठी काढला होता. तेव्हा ती अठरा वर्षांची होती.

वर मात्र राक्षसी काहीच नाही. हिरवी कुरणे, गायींच्या गळ्यातल्या घंटा, पतंगासारखे छत्र्या घेऊन कड्यावरून झेपावणारे तरुण, डबे उघडून बसलेली कुटुंबे. मध्येच ग्रॅनाइटचे धोंडे दिसतात. डोंगर चुनखडीचा; हे पाहुणे मों ब्लांकच्या बाजूने हिमनदीने आणून टाकलेले. खुद्द मों ब्लांक पाठीमागे पांढराशुभ्र उभा होता. पुढे खाली सारे जिनिव्हा. निळे ऱ्होन आणि मातकट आर्व्ह या नद्या एकत्र येतात आणि पाण्यातली दुरंगी रेघ थोडा वेळ मिटत नाही. नद्यांचा संगम दिसतो, देशांची सीमा काही केल्या दिसत नाही.

भावाने डावीकडे बोट दाखवले. तिकडे व्हिरी नावाचे गाव आहे. ३१ मे १९४४ रोजी मारियान कोन ही एकवीस वर्षांची ज्यू मुलगी अठ्ठावीस मुलांना घेऊन चोरून सीमेकडे निघाली होती. जर्मनांनी त्यांना तिथे, स्वित्झर्लंड अगदी समोर असताना, पकडले. आनमास गावच्या तुरुंगात तिला पळून जायची संधी मिळत होती. आपण गेलो तर मुलांचे काय होईल, म्हणून ती गेली नाही. जुलैत तिला मारून टाकले. गावच्या महापौरांनी, ज्याँ देफो यांनी, जिवावर उदार होऊन खटपट केली आणि मुले वाचली.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग हिने पर्समधला चष्मा काढला आणि शहरावर नजर फिरवू लागली.

"काय शोधताय, वहिनी?"

"तुमची खिडकी. चहाचं आधण ठेवलंय का कोणी, ते बघतेय."

भावाने ते घर दहा वर्षांपूर्वीच सोडले. तरी त्याने कारंज्यापासून उजवीकडे मोजत मोजत तिला ती इमारत दाखवली. तीच होती की दुसरी, देव जाणे. खाली परतताना पासपोर्ट पर्समध्ये गेला होता, आणि गुडघ्यांबद्दल तक्रार घरी पोचेपर्यंत आली नाही.