छताचा डाग रंगवण्याआधी



पाऊस सरला, दसरा-दिवाळीची झाडलोट सुरू झाली, की आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक मागणी हमखास येते. "घराला रंग द्यायचाय, थोडं कर्ज हवंय." आम्ही विचारतो, रंग भिंतीला की छताला? बऱ्याचदा उत्तर येतं, छताला. पावसाळ्यात स्लॅब गळला, तपकिरी डाग पडला, गिलाव्याला भेगा गेल्या, पोपडे सुटले. ते सणाआधी झाकायचंय.

आज त्याबद्दलच बोलू. डाग रंगाने झाकता येतो. पण सुटलेला गिलावा तिथेच लटकत राहतो, आणि त्याच्याच खाली आपलं लेकरू झोपलेलं असतं.

भेग का पडते?

स्लॅब म्हणजे सिमेंट, वाळू, खडी आणि आत लोखंडी सळया. वरून पाणी झिरपत राहिलं की ते सळईपर्यंत पोचतं आणि सळई गंजते. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. घट्ट झाकणाच्या बरणीत हरभरे भिजत घातले तर ते फुगून झाकण उचलतात ना, तसाच गंज खालचं काँक्रीट ढकलतो. मग भेग पडते, भेगेतून ओल आणि हवा आणखी आत शिरते, आणि गंज वाढत जातो.

म्हणून आमचं सांगणं एकच. छताची दुरुस्ती वरून सुरू होते. आधी पाणी थांबवायचं, मग छत वाळू द्यायचं, मग गिलावा, आणि सगळ्यात शेवटी रंग. हा क्रम उलटा केला की पुढच्या पावसाळ्यात तोच डाग आणि डोक्यावर तेच कर्ज.

आधी धोका ओळखा

पंख्याच्या हुकाजवळ किंवा दिव्याजवळ ओल असेल तर मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवा. त्याने तपासल्याशिवाय तिथलं बटण दाबू नका. ओल्या भागाखालून पाळणा, खाट आणि चूल हलवा.

मग लांब काठीने छत हळूच ठोकून बघा. स्वतः मात्र बाजूला उभं राहायचं, ठोकतो त्या जागेच्या बरोबर खाली नाही. टणक आवाज आला तर गिलावा धरून आहे. रिकामा डबा वाजवल्यासारखा पोकळ आवाज आला तर तो सुटलाय. पोकळ जागेभोवती खडूने रेघ मारा. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. महिन्याने भेग खुणेच्या पुढे गेली असेल तर ती अजून वाढतेय.

गंजलेल्या सळया उघड्या दिसत असतील, स्लॅब खाली झुकलेला वाटत असेल, किंवा भेग बीममध्ये उतरली असेल, तर गिलाव्याने भागणार नाही. त्या खोलीत झोपणं बंद करा आणि अभियंत्याला दाखवा. घरकुल योजनेतलं घर असेल तर पंचायत समितीत अभियंत्याकडे जा. गटाने मिळून अर्ज द्या, पोच घ्या.

पाणी कुठून येतं?

डाग जिथे दिसतो तिथूनच पाणी येतं असं नाही. स्लॅबच्या आत ते वाट काढत दुसरीकडेही उतरतं. वर जाऊन बघा. पन्हळीचं तोंड पाल्याने बुजलंय का? पाणी साचून काळं झालेलं डबकं कुठे आहे? कठडा आणि स्लॅब जिथे मिळतात तिथे फट आहे का? टाकी ठिबकते का? पिंपळाचं रोप उगवलंय का? त्याची मुळं भेग रुंद करत जातात, म्हणून नुसतं वरून तोडून उपयोग नाही. सरपण आणि कडब्याचा ढीगही स्लॅबवर नको, त्याखाली ओल टिकून राहते.

फट सापडत नसेल तर कोरड्या दिवसात एकेका कोपऱ्यावर बादलीने पाणी ओता आणि खाली एक जण लक्ष ठेवा. खराब स्लॅबवर पाणी तुंबवून ठेवू नका, पाण्याचं वजनही थोडं नसतं.

मग भेगा साफ करून भरायच्या. कठड्याच्या कोपऱ्यात सिमेंटचा गोलसर वाटा काढून घ्यायचा. पाणी पन्हळीकडे वाहायला दहा फुटांना निदान सव्वा इंच उतार हवा. तो नसेल तर कोबा करावा लागतो. मात्र कोब्याचं वजन हा स्लॅब पेलेल का, हे आधी जाणत्याला विचारायचं.

वाळू द्या

वरचं काम झाल्यावर खाली लगेच हात लावू नका. खिडक्या उघड्या ठेवा. छत वाळायला काही आठवडे लागू शकतात. वाळलं का हे बघायला वीतभर पारदर्शक प्लॅस्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने छताला लावा. दोन दिवसांनी आतून थेंब दिसले तर ओल आहे, थांबा.

मग गिलावा

सुटलेला गिलावा काढताना चढायला मजबूत घोडा हवा. टेबलावर खुर्ची ठेवून चढायचं नाही. डोळ्यांना चष्मा, नाकातोंडाला ओढणी, डोक्याला हेल्मेट. पिण्याचं पाणी आणि धान्य झाकून ठेवा, मुलांना बाहेर पाठवा.

पोकळ वाजतो तेवढा सगळा भाग काढायचा. गंज दिसला तर तारेच्या ब्रशने सळई चकचकीत होईपर्यंत घासायची आणि तिला गंजरोधक लेप द्यायचा. सळई झिजून बारीक झाली असेल तर काम थांबवून अभियंत्याला विचारायचं. नंतर छिन्नीने हलके टोचे मारून जागा खडबडीत करायची, धूळ झाडायची, ओलसर करायची आणि सिमेंटचं पातळ पाणी लावायचं. हे केलं नाही तर नवा गिलावा धरत नाही.

माल एक घमेलं सिमेंटला तीन ते चार घमेली चाळलेली वाळू. खारी वाळू आणि खारं पाणी नको, मीठ सळई खातं. कालवलेला माल अर्ध्या तासात संपवा. घट्ट झाला म्हणून पुन्हा पाणी घालू नका. छताचा थर पातळ हवा, साधारण सहा मिलिमीटर. खड्डा खोल असेल तर दोन थरांत भरा. जाड थर स्वतःच्याच वजनाने सुटतो. जुनं छत दाणेदार असेल तर नवा गिलावा ओला असतानाच ओल्या स्पंजने टिपा, जोड कमी दिसतो.

सात दिवस रोज दोन-तीनदा पाणी फवारा. शेतातला औषधाचा पंप घरात अजिबात वापरू नका.

केसासारख्या बारीक भेगेला एवढं लागत नाही. पेचकसाने ती थोडी रुंद करायची, धूळ काढायची आणि पुट्टी भरायची. सगळं वाळलं की प्रायमर, मग रंग.

पैशाचा हिशोब

चार फूट बाय पाच फूट म्हणजे 20 चौरस फूट. एवढ्या जागेला सहा मिलिमीटरच्या थरासाठी घमेलं-दीड घमेलं माल पुरतो. अख्खी गोणी लागत नाही, आणि फोडलेली गोणी ओलीने दगड होते. म्हणून तीन-चार घरांनी मिळून एक गोणी आणि वाळू घ्यावी. कामही लागोपाठ करून घ्यावं, म्हणजे मिस्त्रीची खेप वाचते.

मिस्त्रीशी बोलताना टेपने माप आपणच घ्यायचं. दर चौरस फुटाला ठरवायचा, माल कोणाचा आणि राडारोडा कोण उचलणार हे कागदावर लिहायचं. पहिला प्रश्न विचारायचा, "दादा, पाणी कुठून येतंय?" तो वर न चढता रंगाचा दर सांगू लागला तर दुसरा मिस्त्री बघायचा.

आमच्या गटात आम्ही छताच्या कर्जाचा अर्ज आला की हेच विचारतो, वरचं काम झालं का? झालं नसेल तर कर्ज आधी त्यालाच. यंदाच्या दिवाळीत छतावर डाग राहिला तरी चालेल, लक्ष्मी काही परत जात नाही. पाळणा मात्र आजच बाजूला घ्या.